घोडीची ओळख पटली, स्वाराची राहिली

मोडी लिपीतले जुने कागद वाचून देणाऱ्याकडे माणसं बहुतेक जमिनीसाठी येतात, नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आमच्या कामाला एकदम भाव आला. बाराखडी गिरवून ‘मोडी वाचक’ झालेलेही वाढले. इंग्रजी अमदानीतली रजिस्टरं त्यांना वाचता येतात. पेशवाईतल्या कारकुनाचा घाईचा हात समोर आला की गाडी अडते. तिथे आधी ओळभर रेघ ओढलेली, अक्षरं तिला लटकवलेली, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

म्हणून भीमेकाठचे एक आजोबा नातीला घेऊन आले आणि “आमाला काय सिद्ध करायचं न्हाई, आमचा माणूस कोण होता तेवढं सांगा” म्हणाले, तेव्हा हातातलं काम मी बाजूला सारलं. घरातली समजूत अशी की मूळपुरुष शिलेदार, स्वतःच्या घोड्यावर उत्तरेत गेला आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडला. दर संक्रांतीला त्याच्या नावानं पान वाढतात.

त्यांच्याकडे एकच बंद, म्हणजे लांब कागद होता, सोबत आधी कुणीतरी करून दिलेलं लिप्यंतर. त्यात जागोजाग ‘अस्पष्ट’ लिहिलेलं. कागद पाहिला तर अक्षर चांगलं ठसठशीत. वाचणाऱ्याला घोडा माहीत नव्हता, एवढंच. ती एका पागेतल्या जनावरांची यादी होती. माझं अर्धं आयुष्य सारंगखेड्याच्या आणि अकलूजच्या घोडेबाजारात गेलंय. तिथले व्यापारी आजही याच शब्दांत बोलतात. कुमैत घोडी, म्हणजे अंग तांबूस, आयाळ-शेपूट काळी. पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. गळ्याला देवमण, हा केसांचा शुभ भोवरा. गोम, म्हणजे केसांची अशुभ खूण, नाही, हे मुद्दाम लिहिलेलं, कारण गोम असली की किंमत पडते. उमर चार. डावा कान चिरलेला. वयाचा आकडाही अंदाजाचा नसतो. साडेचारच्या सुमारास घोड्याची पुढच्या दुधाच्या दातांची शेवटची जोडी पडते. कारकुनानं किंवा घोडी शिकवणाऱ्या चाबुकस्वारानं तोंड उघडून पाहिलं असणार. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्यांची आता देशी अश्वजात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे. ही घोडी त्याच खोऱ्यातली असावी असं मला फार वाटतं, पण कागद तसं म्हणत नाही, म्हणून मी ते लिहून दिलं नाही.

घोडीवर दोन ओळी, आणि शेवटी स्वाराचं नुसतं नाव. तेच, घराण्यात चालत आलेलं.

मग मला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. घोडी पागेची, म्हणजे सरकारची. तेव्हा तिच्यावरचा स्वार बारगीर, शिलेदार नव्हे. आणि यादीचं साल सबा सितैन मया व अलफ, म्हणजे सुहूर ११६७; सुहूर ही तेव्हाच्या दफ्तरातली कालगणना, आकडे अरबी शब्दांत. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, १७६६-६७. पानिपतानंतर पाच-सहा वर्षांनी हा माणूस घोड्यावर होता.

आजोबा काही बोलले नाहीत. नातीनं विचारलं, “मग आम्ही पान कुणाला वाढतो?”

आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, पुतण्यालाही ठेवतात. पानिपतावर पडलेला एक आणि त्याच नावाचा हा दुसरा, असंही असेल. ते ठरतं ‘बिन’, म्हणजे ‘चा मुलगा’, याच्या पुढे बापाचं नाव काय आहे त्यावर. नेमकी तिथे घडी, घडीवर कागद फाटलेला, आणि फाटल्यावर कुणीतरी मायेनं चिकटपट्टी लावलेली. पट्टी पिवळी पडून कागदात मुरली आहे आणि कडेला उचलली गेली तिथे शाईही घेऊन आली आहे. मला या चिकटपट्टीचा आणि लॅमिनेशनचा जितका राग आहे तितका वाळवीचा नाही. वाळवी निदान अक्षरांच्या मधूनही जाते.

शिलेदार लिहून दिलं असतं तर ते आनंदानं घरी गेले असते. असं लिहून देणारे आहेत, वंशावळीवर सोनेरी चौकटही घालून देतात. मी ‘पागेचा स्वार’ लिहिलं आणि बापाच्या नावाच्या जागी ‘कागद फाटल्याने वाचता येत नाही’. निघताना आजोबांनी विचारलं ते घोडीबद्दल: देवमण नेमका कुठे असतो? मी माझ्याच गळ्यावर बोट ठेवून दाखवलं.

पट्टी सोडवायला कागद संवर्धकाकडे द्यायला सांगितलंय. माझी खरी आशा मात्र त्या घोडीवर आहे. चार वर्षांची होती, पुढच्या साली पाच. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत. त्यात या पागेची पुढची गणती सापडली, तर पंचकल्याणी, देवमण, चिरलेला डावा कान यावरून ती लपणार नाही. मधल्या काळात स्वार बदलला असेल तर मात्र तिच्यापुढे भलत्याचंच नाव निघेल. तेवढा धोका धरून परवानगीचा अर्ज दिला आहे.