इंचॉनचे चार फूट

ऑक्टोबरमधल्या त्या रविवारी रात्री, गोल्फमधल्या एका हुकलेल्या चार फुटांच्या फटक्यावरून, पुण्यातल्या एका जुन्या मित्राने मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "चार फूट? अरे, आमच्या सोसायटीतलं पोरगंपण टाकेल." मी उत्तर दिलं नाही. आता दिवाळी होऊन गेली, माझे वडील, अप्पाही पुण्याला परतले, तरी ते वाक्य घशात अडकलंय. म्हणून हे लिहितोय.

अप्पा तीन आठवडे माझ्याकडे दक्षिण कोरियात, सुवॉनला होते. सोलचे राजवाडे झाले, सुवॉनच्या किल्ल्याच्या तटावरून फेरी झाली, नामसानचा मनोरा झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण अप्पांनी नंतर त्यातल्या कशाचाच विषय काढला नाही. ते आले होते गोल्फच्या प्रेसिडेंट्स कपसाठी.

अप्पा सदतीस वर्षं कॅडी होते, म्हणजे गोल्फ खेळणाऱ्यांची बॅग वाहणारे. येरवड्याच्या गोल्फ मैदानावर बाराव्या वर्षी बॅग खांद्यावर घेतली, ती गुडघ्यांनी जवाब दिला तेव्हाच खाली ठेवली. लोक म्हणतात गोल्फ श्रीमंतांचा खेळ. आमच्या घरात त्यावर चूल पेटायची. साहेबांचे चेंडू झुडपातून शोधायचे, बंकरमधली वाळू सारखी करायची, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, उकिडवं बसून चेंडू कसा वळेल ती लाइन सांगायची. सोमवारी मैदान बंद असे, तेव्हा कॅडी लोक मागून आणलेल्या जुन्या स्टिकांनी खेळायचे. 1991 साली दिल्लीच्या अली शेरने इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय, आणि तोही कॅडीगिरी करत वर आलेला. त्या दिवशी अप्पांनी पेढे आणले होते. घरात दुसरा काही आनंदाचा प्रसंग नव्हता, म्हणून मला ते पेढे नीट आठवतात.

अनिर्बन लाहिरी जन्माने पुण्याचा. वडील लष्करात डॉक्टर, त्यांनीच आठव्या वर्षी मुलाच्या हातात स्टिक दिली. 2015 च्या फेब्रुवारीत त्याने मलेशियात आणि दिल्लीत लागोपाठ मोठ्या स्पर्धा जिंकल्या, ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या, म्हणजे मेजर स्पर्धांपैकी कुठल्याही स्पर्धेत भारतीयाने तोवर इतकी वरची जागा मिळवली नव्हती. मग बातमी आली की प्रेसिडेंट्स कपच्या संघात तो आहे, आणि त्या संघात बसणारा तो पहिलाच भारतीय. मी त्याच रात्री अप्पांचं विमानाचं तिकीट काढलं.

ही स्पर्धा 1994 पासूनची. एका बाजूला बारा अमेरिकन, दुसऱ्या बाजूला युरोप सोडून उरलेल्या जगातले बारा. युरोपवाल्यांचा अमेरिकेशी वेगळा हिशेब आहे, रायडर कपचा; तो कप 1927 पासूनचा, पण आधी फक्त ब्रिटनचा, 1979 पासून युरोपचा. उरलेल्या जगाच्या नशिबात तोवर एकच विजय होता, 1998 चा मेलबर्नचा, आणि 2003 मध्ये दक्षिण आफ्रिकेत एक बरोबरी. आशियात हा कप पहिल्यांदाच येत होता. अप्पांना मॅच-प्ले समजावायची गरज नव्हती. एकूण फटके मोजायचे नाहीत, प्रत्येक होल ही वेगळी कुस्ती, हे ते माझ्या जन्माआधीपासून जाणतात. त्यांना नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. खेळाडूंना तेव्हा इथे बक्षिसाची रक्कम नसे, जे जमे ते धर्मादाय कामांना जाई. "पैसे नाहीत?" अप्पा म्हणाले. "म्हणजे मग लाजेसाठी खेळतात. अवघडंय."

रविवारी पहाटे सुवॉनहून बसने निघालो. सॉंगडो हा इंचॉनचा नवा भाग, पिवळ्या समुद्राच्या चिखलात भराव घालून उभा केलेला. काचेचे मनोरे, सरळसोट रस्ते, मधे समुद्राच्या पाण्याचा कालवा. "नरिमन पॉइंट," अप्पा म्हणाले, आणि त्यांचं शहराचं वर्णन संपलं. मला ते शहर आवडलं नाही. सगळं नीटनेटकं आहे, पण रस्त्यावर थांबून कुणाशी बोलावं असं काही नाही. समुद्रावरून येणारा वारा मात्र मोकाट होता, आणि मी अप्पांना स्वेटर पुरेल म्हणून सांगितलं होतं. माझी चूक. मैदानाकडे नेणाऱ्या बसच्या रांगेत आम्ही बराच वेळ उभे होतो आणि ते कुडकुडत होते.

रांगेत मी सारखा "अप्पा, इकडे या", "अप्पा, मफलर घ्या" करत होतो. पुढे उभ्या असलेल्या एका आजींनी वळून पाहिलं, माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "अप्पा?" कोरियन भाषेत अप्पा म्हणजे बाबा. मी मान हलवली. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की अख्खी रांग वळली. मग त्यांनी पिशवीतून हात शेकायच्या गरम पुड्या काढल्या आणि एक अप्पांच्या उजव्या हातात, एक डाव्या हातात ठेवून वरून मुठी मिटल्या. अप्पांनी खिशातली लोणावळ्याची चिक्की त्यांना दिली. भाषेवाचून त्यांचं जे काही बोलणं झालं ते माझ्यापेक्षा बरं चाललं होतं. दोन वर्षं या देशात राहून मला इतकी माया एका दिवसात मिळाली नव्हती, कारण मी कधी कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती.

शनिवारअखेर अमेरिका 9½, आपण 8½. "आपण" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दक्षिण आफ्रिकेचे ग्रेस आणि ऊस्टहेझन, ऑस्ट्रेलियाचे स्कॉट आणि डे, जपानचा मात्सुयामा, थायलंडचा जैदी, कोरियाचा बे, त्या दिवशी सगळे आमचे होते. उरलेले बारा सामने एकेकट्याचे. लाहिरीला त्या आठवड्यात एकही गुण मिळाला नव्हता आणि समोर होता ख्रिस कर्क.

पहिले काही होल आम्ही त्यांच्या मागे चाललो. दिवसभरात मला तिरंगा फक्त तीन ठिकाणी दिसला, त्यातला एक आमचा. अप्पा खेळाडूकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर कॅडीवर. बॅग कुठल्या खांद्यावर, अंतर सांगताना कुठे उभा राहतो, सावली कुठे पडू देतो. "चांगलाय," एवढंच म्हणाले. सहाव्या-सातव्या होलनंतर गुडघे दुखायला लागले, म्हणून आम्ही आडवे चालत अठराव्या ग्रीनपाशी आलो आणि दोरीला चिकटून जागा धरली. दोन-अडीच तास तिथेच. स्कॉटने अमेरिकेच्या फाउलरला 6 आणि 5 ने, म्हणजे पाच होल उरलेले असताना सहा होलने पुढे जाऊन, उडवल्याची आरोळी आली, नंतर लीशमनने स्पीथला हरवल्याची. कोरियन प्रेक्षक टाळ्यासुद्धा शिस्तीत वाजवतात. स्वयंसेवकाने शांततेची पाटी वर केली की हजारो माणसं श्वास धरल्यासारखी गप्प होतात. मला आधी ते परकं वाटत होतं, नंतर त्या शांततेत मीही सामील झालो.

लाहिरी आणि कर्क अठराव्यावर आले तेव्हा सामना बरोबरीत होता.

अठरावा होल पार पाचचा, म्हणजे पाच फटक्यांत संपवायचा. लाहिरीने ग्रीनबाहेरून चिप, म्हणजे जवळून उचललेला छोटा फटका, मारला आणि चेंडू होलपासून जेमतेम चार फुटांवर थांबला. इतका सुंदर फटका मी त्याआधी आणि नंतरही डोळ्यांसमोर पाहिलेला नाही. कर्कचा चेंडू पंधरा फुटांच्या आसपास. अप्पांनी माझा दंड धरला. माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला: कर्क चुकणार, अनिर्बन घालणार, पूर्ण गुण आपला.

कर्कने पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका, मारला आणि तो आत गेला. त्याने मूठ हवेत फेकली.

आता कबुली देतो. मी त्या क्षणी निघालो होतो. माझ्या लेखी ती होल बरोबरीत सुटली होती, सामना अर्धा-अर्धा, आणि मला मागे जाऊन बे सांग-मूनचा सामना गाठायचा होता. चार फूट काय पाहायचे? मी पाठ फिरवून दोन पावलं टाकलीही होती. अप्पांनी मनगट पकडलं. "थांब," म्हणाले. "हा दिलेला नाही."

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. मॅच-प्लेमध्ये चेंडू होलच्या अगदी जवळ असला तर समोरचा "घे, दिला" म्हणू शकतो, मग तो मारावा लागत नाही. मैत्रीच्या खेळात चार फूट सर्रास देतात. इथे कोण देईल? अप्पांनी आयुष्यात किती हजार वेळा हे चार फूट पाहिले असतील. मी एकदाच पाहत होतो, आणि तेही पाठमोरा निघालेलो असताना.

लाहिरीने वेळ घेतला. अप्पा दोरीबाहेर, साठ-सत्तर फुटांवर, त्या सिमेंटसारख्या गुडघ्यांवर उकिडवे बसले. लाइन बघायला. तिथून काहीही दिसत नव्हतं. त्यांचं शरीर आपोआप बसलं.

पट गेला. चेंडू होलच्या काठावर आला, कड धरून वळला आणि बाहेर थांबला.

आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता. हजारो लोकांचा सोडलेला श्वास होता तो. लाहिरी जागच्या जागी राहिला. कर्कला पूर्ण गुण, आपल्याला शून्य. मी अप्पांना हात देऊन उठवलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती आणि ती ते बराच वेळ परत घालेनात.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. ग्रेसने कुचरला हरवून पाचपैकी पाच सामने जिंकले. शेवटचा सामना मैदानावर उरला तेव्हा आकडा 14½–14½. बे एका होलने मागे, अठराव्यावर आला. घरचा मुलगा, थोड्याच दिवसांत सक्तीच्या लष्करी सेवेला जाणार होता. त्याने ग्रीनच्या उतारावरून चिप मारला, तो अर्धवट लागला आणि चेंडू पुन्हा त्याच्याच दिशेने घरंगळत आला. त्याने डोकं धरलं. आजूबाजूच्या कोरियन बायका रडत होत्या. बिल हासने सामना घेतला, अमेरिका 15½, आपण 14½. अमेरिकेचा कर्णधार जे हास म्हणजे बिलचाच बाप, बोलताना त्याचा गळा दाटून आला. मी टाळ्या वाजवल्या. बापाला मुलाचा अभिमान वाटावा यात मला परकं काही वाटलं नाही.

पण डोक्यात आकडेमोड थांबेना. ते चार फूट आत गेले असते तर अर्धा गुण इकडे, अर्धा तिकडून कमी. 15–15. हेच गणित त्या रात्री भारतातले लोक करत होते आणि एका मुलाच्या नावावर पराभव लिहीत होते. तीस सामने झाले. गुरुवारी पाचपैकी चार आपण गमावले, त्याचं कुणी नाव घेत नव्हतं. मला याचा राग आला आणि अजून आहे. ज्याने दहा मिनिटांपूर्वी तो चिप मारला, तोच हा माणूस. तो फटका सोसायटीतला कुठला पोरगा मारणार आहे?

परतीच्या रांगेत अंधार पडला. सकाळच्या आजी दिसल्या नाहीत. अप्पांच्या हातातल्या पुड्या केव्हाच गार झाल्या होत्या, तरी त्यांनी फेकल्या नव्हत्या. बसमध्ये मला वाटलं ते झोपले. सुवॉन जवळ आलं तेव्हा खिडकीकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं,

"त्याच्या कॅडीने काय म्हटलं असेल रे त्याला?"

"काय माहीत. तुम्ही काय म्हणाला असता?"

"मी? काही नाही." मग थोड्या वेळाने, "हातातून पटर घेतला असता. पुसून बॅगेत ठेवला असता."