तुम्ही विचारलंत म्हणून: कॅसँड्रासाठी ड्रायव्हर कोणता घ्यावा?

कॅसँड्रा, म्हणजे अनेक सर्व्हरवर डेटाच्या प्रती ठेवणारा डेटाबेस, वापरायचं ठरलं की हा प्रश्न येतोच, आणि त्यासोबत बहुतेक वेळा कुठल्यातरी बेंचमार्कचा तक्ताही येतो. तो तक्ता आधी बाजूला ठेवा. एकाच सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये क्लायंट लायब्ररीचं काम क्वेरी पोहोचवून उत्तर आणण्याचं. कॅसँड्रात प्रत्येक नोड, म्हणजे सर्व्हरच्या समूहातला (क्लस्टरमधला) प्रत्येक सर्व्हर, क्वेरी घेऊ शकतो. कुठल्या नोडला विचारायचं, तो गप्प बसला तर किती थांबायचं, पुन्हा विचारायचं की नाही, हे सगळं ड्रायव्हर, म्हणजे ही क्लायंट लायब्ररीच, ठरवतो. म्हणून वेगाच्या आधी त्याची वागणूक तपासा.

पहिली तपासणी टोकनची. ड्रायव्हर पार्टिशन कीचा (ओळ कुठल्या नोडवर राहील हे ठरवणाऱ्या कीचा) मर्मर३ हॅश, म्हणजेच टोकन, स्वतः काढून ज्या नोडवर ती ओळ आहे तिथेच थेट जातो का? जात नसेल तर क्वेरी भलत्याच नोडवर पडते आणि तो नोड ती पुढे पाठवतो. नेटवर्कचा एक हेलपाटा फुकट जातो. जावाच्या ४.x ड्रायव्हरमध्ये हे आपोआप होतं. गो भाषेसाठीच्या गोसीक्यूएल या ड्रायव्हरमध्ये टोकन-अवेअर पॉलिसी आपल्याला लावावी लागते, आणि ती लावायची राहून गेलेली अनेक ठिकाणी दिसते. शिवाय पॉलिसी लावूनही, जावाच्या ड्रायव्हरला साध्या स्ट्रिंगमधल्या क्वेरीतून पार्टिशन की कळत नाही, कारण तो सीक्यूएलचं (कॅसँड्राच्या क्वेरी भाषेचं) पार्सिंग करत नाही. क्वेरी प्रिपेअर केली (सर्व्हरकडे आधीच तयार करून ठेवली) तरच सर्व्हर त्याला सांगतो की की कुठल्या जागी आहे. ॲप सुरू होताना प्रिपेअर करा, तेच स्टेटमेंट पुन्हा पुन्हा वापरा. सेशनही, म्हणजे क्लस्टरशी केलेली जोडणी, अख्ख्या ॲपसाठी एकच. प्रत्येक रिक्वेस्टला नवं सेशन उघडणं म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्या क्लस्टरची ओळख नव्याने करून घेणं.

दुसरी गोष्ट डिफॉल्टची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. समजा एक डेटासेंटर मुंबईत, दुसरं हैदराबादला, आणि दोन्हीकडे तीन-तीन प्रती. जावा आणि पायथनचे ड्रायव्हर काहीच सांगितलं नाही तर लोकल-वन वापरतात: जवळच्या एका प्रतीने उत्तर दिलं की काम झालं, मग ते थोडं शिळं का असेना. गोसीक्यूएलचा डिफॉल्ट क्वोरम आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रतींचं उत्तर. एकूण सहा प्रतींचा क्वोरम चार, म्हणजे मुंबईतल्या तीन पुरत नाहीत आणि प्रत्येक क्वेरीला हैदराबादच्या उत्तराची वाट पाहावी लागते. एकाच टेबलावर दोन भाषांतल्या दोन सेवा, आणि दोघींची वाचण्याची हमी वेगळी! कन्सिस्टन्सी (किती प्रतींचं उत्तर हवं ते) नेहमी स्वतः लिहा. अशा रचनेत लोकल-क्वोरम, म्हणजे फक्त जवळच्या डेटासेंटरमधला क्वोरम, बहुतेकांना पुरतो. स्थानिक डेटासेंटरचं नावही स्वतःच द्या. जावाचा ४.x ड्रायव्हर कॉन्टॅक्ट पॉइंट (सुरुवातीला जोडायच्या नोडचा पत्ता) दिल्यावर हे नाव मागतो आणि नसेल तर सुरूच होत नाही. हा त्याचा जाच वाटतो, पण तो योग्य आहे.

तिसरी, रिट्राय, म्हणजे क्वेरी पुन्हा पाठवणं. टाइमआउट झाला म्हणजे लिहिणं झालं नाही असं नसतं. ते झालंही असेल. काउंटर वाढवणं किंवा लिस्टमध्ये भर घालणं पुन्हा केलं तर आकडा दोनदा वाढतो, नोंद दोनदा पडते. म्हणून जावाचा ड्रायव्हर प्रत्येक क्वेरी आयडेम्पोटंट नाही असंच धरून चालतो. ज्या क्वेरी दोनदा चालल्या तरी बिघडत नाही, त्यांच्यावर तशी खूण तुम्हीच करायची. ही खूण नसेल तर स्पेक्युलेटिव्ह एक्झिक्यूशन (उत्तराला उशीर झाला की तीच क्वेरी दुसऱ्या नोडलाही पाठवणं) चालू केलं तरी लागू होत नाही. ज्या लायब्ररीत आयडेम्पोटन्सची सोयच नाही आणि रिट्राय मात्र सरसकट आहे, ती घेऊ नका. टाइमआउटचंही गणित बघा: जावा ड्रायव्हर डिफॉल्टने २ सेकंदांत हात वर करतो, सर्व्हरचा वाचण्याचा डिफॉल्ट ५ सेकंदांचा. ॲपने वाट पाहणं सोडलेलं असतं आणि नोड त्याच क्वेरीवर राबत असतो. त्यात वरून तुमच्या कोडने रिट्राय केला की थकलेल्या क्लस्टरवर भार वाढतच जातो.

पायथनवाल्यांसाठी दोन खाचखळगे. गनिकॉर्न किंवा यूडब्ल्यूएसजीआय या वेब सर्व्हरमध्ये मुख्य प्रोसेसपासून वर्कर वेगळे (फोर्क) झाल्यानंतरच, प्रत्येक वर्करमध्ये सेशन उघडा. आधी उघडलेलं सेशन त्या वर्करमध्ये गेलं की क्वेरी अडकून पडतात. आणि ड्रायव्हर नेटवर्कसाठी वापरू शके ते असिंकोर मॉड्यूल पायथन ३.१२ मधून काढून टाकलं आहे, त्यामुळे त्याच्या जागी चालणारं लिबइव्हचं एक्स्टेंशन नीट बिल्ड झालं आहे ना ते बघा.

सिलाडीबी (कॅसँड्राशी जुळणारा दुसरा डेटाबेस) वापरत असाल तर कॅसँड्राचा ड्रायव्हर चालतो, पण तिथे डेटा नोडच्या आतही सीपीयू कोअरप्रमाणे वाटलेला असतो. सिलाचे स्वतःचे ड्रायव्हर थेट त्या कोअरच्या वाट्यापर्यंत (शार्डपर्यंत) जातात. तेच घ्या.

लायब्ररी कोण सांभाळतं, हेही पाहा. हेक्टर आणि ॲस्टियानॅक्स हे एके काळचे लाडके क्लायंट थ्रिफ्ट या कॅसँड्राशी बोलण्याच्या जुन्या प्रोटोकॉलवर उभे होते, कॅसँड्रा ४.० मध्ये थ्रिफ्टच गेलं. डेटास्टॅक्स कंपनीचा जावा ड्रायव्हर आता अपाची प्रकल्पाकडे आहे आणि ४.१८ पासून त्याचा मेव्हन (जावाचं बिल्ड साधन) ग्रुप आयडी बदलला आहे. जुना आयडी ठेवलात तर अपडेट मिळणार नाहीत, आणि बिल्ड त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

ठरवण्याआधी सीसीएम (एकाच मशीनवर चाचणीचं क्लस्टर उभं करणारं साधन) घेऊन लॅपटॉपवर तीन नोडचं क्लस्टर उभं करा, तीन प्रतींचा कीस्पेस (टेबलांचा गट) बनवा आणि क्वेरींचा मारा चालू ठेवा. मग एक नोड बंद करा. हे बहुतेक ड्रायव्हर सहज निभावतात, कारण कनेक्शन लगेच तुटतं. त्यानंतर दुसऱ्या फेरीत नोड बंद न करता त्याच्या प्रोसेसला स्टॉप सिग्नल द्या. आता कनेक्शन जिवंत दिसतं, पण उत्तर येत नाही. या अवस्थेत किती क्वेरी अडकतात, किती वेळ अडकतात आणि ड्रायव्हर त्या नोडला कधी टाळू लागतो, ते मोजा.