ग्रॅव्हल राइडसाठी गाव नकाशा मिळवताना: माझा अनुभव

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. गाव नकाशाची नक्कल मागायला भूमी अभिलेख कचेरीत जाल तेव्हा अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक अख्खा हंगाम वाचला असता.

मी पुण्यात राहतो, ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालणारी रुंद टायरची सायकल, चालवतो. पानशेत, पौड, ताम्हिणी या डांबरी रस्त्यांवर शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते आणि एरवी डंपर. त्यातून सुटायचं तर खोऱ्याखोऱ्यांतल्या जुन्या वाटा धरायच्या: धरणांच्या कडेचे मुरमाचे रस्ते, पाणंदी, डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात उतरणाऱ्या खिंडी. सह्याद्रीच्या या पूर्व अंगाला अशा वाटांना तोटा नाही. पूर्वी धान्य, गुरं, वऱ्हाडं सगळं त्यांवरूनच जायचं.

घरी बसून करायचं काम सोपं असतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे घ्या. पुण्याच्या पश्चिमेचा हा सगळा भाग ४७ एफ या मालिकेत येतो. त्यात दर २० मीटर उंचीला समोच्च रेषा असते. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेवायची. मग उपग्रहचित्रावर वाट दिसते का ते पाहायचं. फोनमधल्या ॲपने दिलेल्या चढाईच्या आकड्यावर मी फार विसंबत नाही, कारण अरुंद घळी आणि कड्यांच्या भागात तो चुकतो. एवढं झालं की मार्ग फोनवर उतरवून घ्यायचा, कारण खोऱ्यात उतरल्यावर रेंज जाते.

माझा मार्ग असाच ठरला होता. एका धरणाच्या मागच्या गावातून खिंडीने पलीकडच्या खोऱ्यात जायचं आणि तिकडून डांबरी रस्त्याने परत. फोनच्या नकाशात खिंडीपर्यंत स्वच्छ रेषा होती. प्रत्यक्षात त्या रेषेवर लोखंडी गेट, आत आखलेले प्लॉट आणि सिमेंटचे अंतर्गत रस्ते. गेटवरचा माणूस म्हणाला, "साहेब, इकडून रस्ता नाही. प्रायव्हेट आहे." खाली गावात पारावर एक आजोबा बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "रस्ता नाही कसा? आमच्या गाड्या जायच्या की हितनं. माझं लग्नाचं वऱ्हाड त्याच वाटेनं गेलं." आणि पुढे म्हणाले, "गावच्या नकाशात बघा. दोन तुटक रेघा असतील."

आजोबांचं म्हणणं बरोबर होतं. आपल्याकडच्या गाव नकाशांत गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायमार्गाची सव्वाआठ फूट. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते आणि वाटा शासनाच्या मालकीच्या असतात. म्हणजे नकाशात रेषा असेल तर प्रश्न निम्मा सुटला. महाभूनकाशा या शासनाच्या जमीन-नकाशांच्या संकेतस्थळावर गटांच्या हद्दी दिसल्या, पण या गावासाठी मला हव्या त्या तुटक रेषा तिथे सापडल्या नाहीत. तेव्हा मूळ नकाशाच पाहायचा ठरवलं. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत. तालुका कुठला ते सांगत नाही.

आणि इथे मी अडकलो.

पहिला प्रश्न आला, "गट नंबर?" मी म्हटलं, मला रस्ता पाहायचाय, तो गटांच्या मधून जातो. "गट नंबराशिवाय अर्ज होत नाही." मी शेजारच्या दोन गटांचे नंबर लिहिले. "सातबारा कुणाच्या नावावर?" माझ्या नाही. "मग नकाशा तुम्हाला कशाला?" सायकल चालवायची आहे, हे उत्तर ऐकल्यावर त्यांनी अर्ज परत सरकवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मला आजही याचाच राग येतो. मी कुणाच्या जमिनीचा उतारा मागत नव्हतो, मोजणी मागत नव्हतो, कुणाचा बांध कोरायला निघालो नव्हतो. गावाचा सार्वजनिक रस्ता कुठून जातो एवढंच मला विचारायचं होतं. ते विचारायला माझ्या नावावर जमीन कशाला लागावी? त्या रस्त्याने शाळेत जाणाऱ्या पोरीच्या नावावर तरी कुठे सातबारा असतो?

पुढच्या खेपेला कोर्ट फी तिकीट लावून अर्ज नेला, तर ज्यांच्या ताब्यात नकाशे ते मोजणीला गेलेले. त्यानंतर गेलो तर ते रजेवर. मग कळलं की त्या गावाचा नकाशा जीर्ण आहे, घडीवर फाटलाय, त्याची झेरॉक्स निघत नाही. मग म्हणाले, हा एकत्रीकरणानंतरचा आहे, त्याआधीचा सर्व्हे नंबरचा वेगळा, तुम्हाला नक्की कुठला हवा? हा प्रश्न मात्र खरोखर कामाचा होता आणि तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडले गेले. जुनी वाट शोधत असाल तर दोन्ही नकाशे मागा आणि शेजारी ठेवून बघा. जुन्यावर वाट ठळक असते, नव्यावर तिचा गटांशी संबंध कळतो.

दरम्यान खिडकीवरचा माणूस बदलला आणि माझा आधीचा अर्ज सापडेना. मी पोच मागितली तर म्हणाले, "आम्ही काय खाऊन टाकतो का अर्ज?" आवाज न चढवता मी तिथेच उभा राहिलो. मागे रांगेत एक शेतकरी मामा होते. त्यांनीच मला हळूच सांगितलं, "कारण लिहा, 'रस्त्याची नोंद पाहणेकामी'. आन् सातबाऱ्याचा रकाना रिकामा सोडू नका, 'लागू नाही' लिहा." तसा नवा अर्ज लिहिला. खाली एक ओळ घातली की नक्कल देता येत नसेल तर कारण लेखी द्यावं, म्हणजे मला माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येईल. त्या कायद्यात उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अर्ज वाचला गेला, शिक्का पडला, आवक क्रमांक मिळाला. पुढे नक्कल मिळायला फार दिवस लागले नाहीत. ज्यांनी ती काढली त्या बाईंनी फाटलेला भाग पारदर्शक कागदावर हाताने उतरवून दिला, तोही काळजीपूर्वक. त्यांचे मी मनापासून आभार मानले.

घरी आलो आणि जेवायच्या आधी टेबलावर नकाशा पसरला. दोन तुटक रेघा होत्याच. पण त्या गेटमधून जात नव्हत्या. ओढ्याच्या डाव्या काठाने, प्लॉटच्या कुंपणाबाहेरून, त्या सरळ खिंडीकडे चढत होत्या. फोनच्या नकाशातली रेषा बहुधा कुणी उपग्रहचित्रावरून प्लॉटमधले नवे रस्ते पाहून काढली असणार. पुढच्या रविवारी गेलो. घाणेरीच्या झुडपांतून सुरुवातीला वाट काढावी लागली, मग दगडांनी बांधलेली जुनी कड दिसली आणि तिथून खिंडीपर्यंत मुरूम, अगदी सायकलवर बसून जाण्याजोगा. तो चढ संपवताना मला जो आनंद झाला तो कुठल्याही स्पर्धेत झालेला नाही.

आजोबांच्या मुलाला नकाशाची एक प्रत दिली. ओढ्याजवळ पुढेमागे कुंपण सरकलं तर गावकऱ्यांना ती लागेल. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, म्हणून "बघू पुढं" म्हणत बसू नये.

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा सांगतो. गावात वाट विचारताना "रस्ता कसा आहे?" असं विचारू नका, "चांगला आहे" हेच उत्तर येतं. दुधाची गाडी जाते का, ते विचारा. जात असेल तर ४० मिलिमीटरचा टायर पुरतो. ट्रॅक्टरच जातो म्हणाले तर खोल चाकोऱ्या असणार, पावसानंतर चिखल. फक्त मोटारसायकल जाते म्हणाले तर चढ उभा आणि दगड सुटे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून काही पाणंदींवर खडी-मुरूम पडला, त्या ग्रामपंचायतीत विचारून घ्या. काही फार सुंदर झाल्यात. उलट जुन्या नकाशातला कच्चा रस्ता आज काँक्रीटचा झालेला असू शकतो, आणि पावसाळ्यात सावलीतल्या काँक्रीटवर शेवाळ धरतं, तिथे मुरमापेक्षा जास्त घसरायला होतं.

गिअरचंही बोलायला हवं. पुढचं दातेरी चक्र मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रापेक्षा कमी दात्यांचं असेल असा जोड घ्या. दुकानदार रस्त्यावरच्या सायकलींच्या हिशेबाने सांगतात, त्यांचं ऐकू नका. टायर ट्यूबलेस असू द्या, बाभळीच्या काट्यांपुढे ट्यूबचं काही चालत नाही. धनगरवाड्यावर कुत्री अंगावर आली तर उतरून सायकल मध्ये धरा आणि माणसाला हाक मारा.

भीमाशंकर किंवा ताम्हिणी अभयारण्याच्या हद्दीत वाट जात असेल तर गाव नकाशा पुरत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी आणि ती आधीच घ्यावी. आणि नकाशाच्या नकलेचा फोटो फोनमध्ये ठेवा, पण कागदही सॅकमध्ये असू द्या. गेटवरचा माणूस फोनकडे बघत नाही. शिक्का बघतो.