मिरजेची बायपास आणि वॉशिंग्टनचा हिशेब

मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे नुसती लगीनघाई. मी न्यू जर्सीत, एडिसनला, लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते. एन्रोल्ड एजंट आहे, म्हणजे लायसन थेट फेडरल ट्रेझरी खात्याचं. त्यामुळे सरकारला शिव्या घालायच्या त्याही बेताने.

गेल्या वर्षी, 2025च्या मार्चमध्ये, एक जोडपं आलं. मूळचे मिरजेचे. तो औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. इतकी वर्षं सॉफ्टवेअर आणून स्वतःच रिटर्न भरायचा. ‘‘ताई, इंडियातले म्युच्युअल फंड विकलेत, एकदा नजर टाका,’’ म्हणाला. वडिलांची बायपास झाली होती, डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली होती, म्हणून तळमजल्यावरचा फ्लॅट घ्यायला त्याने सगळे युनिट विकून टाकले होते.

फाइल मात्र दृष्ट लागण्यासारखी. दरवर्षीचा एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरलेला. परदेशातल्या खात्यांत मिळून 10,000 डॉलरच्या वर रक्कम गेली की तो द्यावाच लागतो. बँकेचं व्याज दाखवलेलं. फंड ग्रोथ ऑप्शनचे, त्यामुळे मधे डिव्हिडंड नाही. नवराबायकोच्या एकत्र रिटर्नवर असे परदेशातले फंड 50,000 डॉलरच्या आत असतील आणि त्यातून काही काढलं नसेल, तर त्यांच्यासाठीचा 8621 नंबरचा फॉर्म लागत नाही. त्याचे विकेपर्यंत आतच होते. थोडक्यात, माणसाने एकही नियम मोडलेला नव्हता.

आणि तरीही मला त्याला आकडा सांगायचा होता.

अमेरिकेच्या कायद्यात भारतातला म्युच्युअल फंड म्हणजे ‘पीफिक’, पॅसिव्ह फॉरेन इन्व्हेस्टमेंट कंपनी. पहिल्याच वर्षी वेगळा पर्याय निवडला नसेल तर विकताना झालेला नफा भांडवली नफा धरतच नाहीत. युनिट जितके दिवस जवळ होते तितक्या दिवसांवर तो सारखा वाटायचा. चालू वर्षाच्या वाट्याला तुमचा नेहमीचा दर. मागच्या प्रत्येक वर्षाच्या वाट्याला त्या वर्षीचा देशातला सर्वांत वरचा दर: 2018पासून 37 टक्के, त्याआधी 2013 ते 2017 मध्ये 39.6. मग हा माणूस 22 टक्क्यांच्या पायरीवर का असेना. शिवाय ‘टॅक्स उशिरा भरलात’ म्हणून मागच्या वर्षांच्या प्रत्येक वाट्याच्या टॅक्सवर व्याज. 2024मध्ये ते 8 टक्के होतं, तेही रोजच्या चक्रवाढीने.

त्याची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक हप्त्याने फंडात पैसे घालणं, आठ वर्षांची, तीन स्कीममध्ये. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी. म्हणजे 288 हप्ते, प्रत्येकाची तारीख वेगळी, एनएव्ही (एका युनिटचा भाव) वेगळी, डॉलरचा भाव वेगळा. कॅम्सचं, म्हणजे फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या कंपनीचं, स्टेटमेंट उघडून मी एक्सेलमध्ये ओळी ओतायला लागले. एका ओळीवर दोघंही थांबले. 2019मधला 8,000 रुपयांचा हप्ता, त्याचा नफा सहा वर्षांवर विभागलेला, मागच्या पाच वर्षांची पाच वेगळी व्याजं. ‘‘ह्या महिन्यात पिंकी झाली,’’ ती म्हणाली.

नफा साधारण 24,000 डॉलर. हेच पैसे त्याने इथल्या साध्या इंडेक्स फंडात घातले असते तर 15 टक्क्यांनी 3,600 डॉलर. आता व्याज धरून नऊ हजारांच्या वर. भारतात कापलेल्या टॅक्सची वजावट मिळवायचं त्रांगडं आणखी वेगळंच.

‘‘म्हणजे आम्ही चोर?’’ तिने विचारलं.

नाही हो. कायदा बनवताना इथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, डोळ्यांसमोर केमन बेटांवर फंड उघडून वर्षानुवर्षं टॅक्स टाळणारे धनाढ्य होते. त्यांना अडवणं बरोबरच. पण तेच जाळं दरमहा 8,000 रुपयांचे हप्ते भरणाऱ्यावर पडतं आणि त्याची भोकं कुणी मोठी करत नाही. याच्यासाठी वॉशिंग्टनमध्ये लॉबी करणार कोण? तो तर अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत, त्याला मतही नाही.

गंमत म्हणजे पीफिक आलं ते 1986च्या टॅक्स सुधारणा कायद्यातून. आमच्या धंद्यात त्याची आठवण अजून आदराने निघते. वरचा दर 50वरून 28 टक्क्यांवर आणला, ढीगभर पळवाटा बुजवल्या. रिपब्लिकन रेगन अध्यक्ष, आणि त्यामागे खपलेल्यांत आमच्याच न्यू जर्सीचे डेमोक्रॅट सिनेटर बिल ब्रॅडली, एके काळचे बास्केटबॉलपटू. सिनेटने आपला मसुदा 97 विरुद्ध 3 मतांनी मंजूर केला होता. आज असं बहुमत कशावर तरी होईल का, सांगा! म्हणजे मनात आणलं तर जमतं. माझी मागणी त्यामानाने किरकोळ आहे: ठरावीक रकमेच्या आत, खाती जाहीर केलेली असतील, तर इथल्या फंडाचा नियम तिथल्या फंडाला लावा. सरकारचं फार बुडणार नाही. आत्ताच्या पद्धतीत माझी फी वाढते, हे मी त्यालाही सांगितलं. कसंनुसं हसला.

रक्कम एकदम भरणं शक्य नव्हतं, म्हणून आयआरएसकडे, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडे, हप्ते मागितले. त्यावरही व्याज आहेच. सह्या झाल्यावर उठता उठता तो म्हणाला, ‘‘ताई, हिच्या नावाची एक एसआयपी अजून चालू आहे.’’

मी पुन्हा लॅपटॉप उघडला. ‘‘बसा. आधी ती बंद करा, विकायची केव्हा ते मग बघू.’’