पन्नास ग्रॅम

ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या मुन्स्यारीला पाऊस लागला की समोरची पंचाचूलीची हिमशिखरं दिवसेंदिवस दिसत नाहीत, आणि घरातली कुठलीच लोकर खऱ्या अर्थानं कोरडी राहत नाही. सूत जमा करायच्या दिवशी जे झालं त्याचं मूळ या दमट हवेत आहे. महिना उलटला, तरी ते डोक्यातून जात नाही.

पिंजलेली लोकर १ किलोच्या कापडी थैल्यांत भरून आम्ही बायकांना देतो, सूत परत घेतो, मजुरी किलोवर. कातताना ५० ग्रॅमपर्यंत घट मान्य. एका आमानं (इकडे आजीला आमा म्हणतात) मे महिन्यात नेलेल्या थैलीचं सूत आणलं. काट्यावर भरलं १ किलो ५० ग्रॅम. दिलं त्यापेक्षा जास्त! भांडार सांभाळणाऱ्यानं वहीत ‘पाणी मारलंय’ असं लिहिलं आणि ९५०च्या वरच्या १०० ग्रॅमची मजुरी कापली. आमा एवढंच म्हणाली, “हात लावून बघा.”

हात लावला. सूत कोरडं लागत होतं. पण लोकरीच्या बाबतीत हाताचा भरवसा धरता येत नाही. हवेतली वाफ तिच्या तंतूच्या आत शिरते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही ती ओली लागत नाही. म्हणूनच लोकरीच्या व्यापारात पूर्ण सुकवलेल्या वजनावर ठरावीक टक्के ओलावा धरून हिशेब करतात. आमच्या वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

मे महिन्यात भरलेली एक थैली फळीवर तशीच पडून होती, कुणी नेलीच नव्हती. मी ती उतरवून काट्यावर ठेवली. १ किलो ८० ग्रॅम. तिला तर कुणी हातही लावलेला नव्हता. म्हणजे आमाची खरी घट ३० ग्रॅम, ३ टक्क्यांच्या आत. टकळीवर एवढी कमी घट येते ती आखूड तंतूही वाया न घालवता ओढणाऱ्या हातालाच. इथल्या जोहार खोऱ्यातल्या शौका या व्यापारी समाजाच्या घरांत १९६२ला तिबेटचा व्यापार बंद पडेपर्यंत तिकडची लोकर यायची. आमा लहानपणी त्याच लोकरीवर कातायला शिकली. त्या हातांवर पाणी मारल्याचा आळ!

मग तिचं सूत फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळून मोजायच्या चौकटीवर, घेतलं. आमच्या फाळक्याचा घेर सव्वा मीटर, म्हणजे ८० फेरे झाले की १०० मीटर. आमाचे १०० मीटर भरले ७ ग्रॅम. त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या एका सुताचे भरले १४ ग्रॅम. एका किलोत आमानं १४ किलोमीटरच्या वर धागा काढला, दुसरीनं ७, आणि मजुरी दोघींना सारखीच. शालीला हवं असतं आमाचं सूत, आणि आमचा दर जाड सुताला बक्षीस देत होता. वर धुताना लोकरीतला तेलकट चिकटा राहू दिला तर तोही वजनात धरला जातो. मग बायका जाड कातायला लागल्या तर त्यांना काय म्हणून बोल लावायचा? भेटीला येणारे पाहुणे ‘किती महिलांना प्रशिक्षण दिलंत’ एवढंच विचारतात. ७ ग्रॅम की १४, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

आता काट्याशेजारी मे महिन्यातली तीच थैली टांगलेली असते. आधी तिचं वजन, मग सुताचं, आणि घट त्या प्रमाणात काढायची. मजुरी १००० मीटरच्या गुंडीवर, बारीक सुताला गुंडीमागे दर जास्त.

यातही एक खोट निघाली. गुंडीवर पैसे म्हटल्यावर काहीजणींनी धागा भराभर ओढला आणि पीळ कमी दिला. असं सूत विणताना उभ्या ताण्यात तटातटा तुटतं. त्यासाठी हातभर धागा घेऊन दोन्ही टोकं जवळ आणायची. पीळ नीट असेल तर मधला भाग आपणहून स्वतःभोवती गुंडाळतो. नुसता लोंबत राहिला तर गुंडी परत. मात्र ही परीक्षा ताज्या सुतावरच घ्यायची. वाफ दिलेल्या किंवा बरेच दिवस ठेवलेल्या सुतात पीळ बसून जातो आणि चांगला धागाही निपचित लोंबतो. पहिल्या आठवड्यात अशा चार गुंड्या आम्ही उगाच परत केल्या होत्या.

कापलेले पैसे आमाला दिले. भांडारवाला माणूस वाईट नाही. पण ज्याच्या हातात काटा त्याला लोकर कळायलाच हवी, आणि ती त्याला शिकवायचं काम आमचं होतं, ते आम्ही केलं नव्हतं. वहीतले ते दोन शब्द त्यानं खोडले, एका रेघेनं. खाली अजून वाचता येतात. आमानं सप्टेंबरची थैली नेलेली नाही. नात येऊन सांगून गेली, डोळ्यांना दिसत नाही म्हणून.