मुंबई, तीन दिवस आणि दोन टीनएजर
आज जेवणं झाल्यावर नाताळच्या सुट्टीतल्या मुंबईचं प्लॅनिंग करायला बसलो, कोल्हापुरातून महालक्ष्मीनं जायचं, सोमवार ते बुधवार, वेटिंग ४३ आहे ते सोडाच. मी वहीत घारापुरी लिहिलं तर लेक मोबाईलमधनं मान वर न करता म्हणते, बाबा, सोमवारी बंद असतं. बरं, मग बुधवारी राणीच्या बागेत पेंग्विन बघू, तर ती बुधवारी बंद! चिरंजीवांना फक्त कुलाबा कॉजवे आणि ऐन गर्दीत लोकलच्या दारात उभं राहायचंय (होणे नाही). हिनं मात्र गुपचूप भडंगाचा डबा भरला आणि चार स्वेटर काढले. अगं, मुंबईत स्वेटर कशाला? तर म्हणे, पहाटे कर्जतला कळेल.