पोरानं पाठवली म्हणजे ताकतीची असन

गेल्या कार्तिकी एकादशीची गोष्ट. सकाळी शटर उचलताना अजूनही ती डोळ्यांपुढे येते, म्हणून लिहायला बसले आहे.

दारव्हा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे. डी.फार्म. होऊन चौदा वर्षं झाली. आधी चिठ्ठी धोतराच्या सोग्यात बांधून यायची, घामानं ओली झालेली. आता ती मोबाईलवर येते. पोरगा पुण्यात कंपनीत कामाला असतो. तो तिथूनच ॲपवर डॉक्टरांची वेळ घेतो, व्हिडिओ कॉल होतो, पाच-दहा मिनिटांत पीडीएफ तयार होते आणि माझ्याकडे येते. सोबत निरोप असतो, 'ताई, बाबा संध्याकाळी येतील, पैसे मी टाकतो.'

मी याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. बीपी-शुगरच्या माणसाला दर महिन्याला यवतमाळला नेऊन आणायचं म्हणजे दोघांचं एसटीचं भाडं, दोघांची एक दिवसाची मजुरी आणि वर डॉक्टरांची फी. खरीप-रब्बीच्या धावपळीत लोक ती फेरीच टाळायचे आणि गोळ्या बंद पडायच्या. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली आणली, तेव्हापासून अशी चिठ्ठी कायदेशीर आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहिजे. नशेच्या आणि शेड्यूल एक्सच्या, म्हणजे कायद्यातल्या सगळ्यात कडक यादीतल्या औषधांना बंदी आहे. जुन्या आजाराची चालू औषधं व्हिडिओवर बघून पुढे लिहून देता येतात. हे सगळं मला पाठ आहे आणि मी ते काटेकोर बघते. नोंदणी क्रमांक, तारीख, रुग्णाचं वय, औषधाचं मूळ नाव, डोस, किती दिवसांचं, यातलं एक जरी नसलं तरी मी गोळी देत नाही. त्यावरून भांडणंही झाली आहेत.

तर एकादशीच्या दुपारी एक-दीडच्या सुमारास हे बाबाजी काउंटरवर आले. वय सत्तरीच्या पुढचं, पाच एकर कापूस, माळकरी माणूस. चार महिन्यांपासून दर महिन्याला यायचे. आले की दोन मिनिटं बसायचे, भाव विचारायचे, हळू बोलायचे. त्या दिवशी आले ते ओरडतच.

"कावून उशीर करून राह्यली? माह्या गोळ्या दे लवकर!"

दुकानात दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. नोव्हेंबरची हवा, पंखा बंद, आणि यांचा सदरा पाठीला चिकटलेला. काउंटरवर ठेवलेला हात थरथरत होता. मी त्यांना बाकावर बसवलं आणि ग्लुकोमीटर काढला. बोटांना रुई आणि माती लागलेली होती. अशा बोटाला तशीच सुई टोचली तर आकडा चुकतो. कुणी नुकता गूळ किंवा फळ हाताळलं असेल तर शुगर खोटीच जास्त दिसते आणि आपण निश्चिंत होतो. म्हणून आधी साबणानं हात धुवून, कोरडे करून मग टोचलं. आकडा आला ४४. सत्तरच्या खाली गेली की कमी आणि चोपन्नच्या खाली गेली की धोका. माणूस शुद्धीवर होता, गिळू शकत होता, एवढंच बरं.

उपास असल्यानं त्यांनी बिस्कीट तोंडात घ्यायला नकार दिला. मी म्हटलं, "बाबाजी, साखर चालते उपासाला." पाण्यात चार चमचे साखर ढवळून घोट घोट पाजलं. चॉकलेट, पेढा असलं काही अशा वेळी देऊ नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ७८. मग समोरच्या हॉटेलातून साबुदाण्याची उसळ आणि दोन केळी मागवली. खाता खाता त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "काय झालं वं मले?" असं विचारत ते कसनुसं हसले. मघाशी आपण ओरडलो, हे त्यांना आठवतही नव्हतं.

सकाळपासून पोटात काही नव्हतं. सहाला गोळ्या घेतल्या, पूजा केली आणि वेचणीच्या बायांचा कापूस मोजून घ्यायला वावरात गेले. मी म्हटलं, "गोळ्या म्हणजे? तुमची तर सकाळी एकच आहे." त्यांनी खांद्यावरची थैली उलटी केली.

एक पाकीट माझ्याच दुकानचं होतं, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० ही शुगरची दोन औषधं एकत्र असलेलं, सकाळ-संध्याकाळ. दुसरं सरकारी पुरवठ्याचं, 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं. त्यात नुसती ग्लिमेपिराइड २, सकाळी एक. दसऱ्यानंतर गावच्या उपकेंद्रात तपासणी झाली. तिथल्या सीएचओनं, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं, टॅबवर डॉक्टर जोडून दिले, त्या डॉक्टरांनीही ऑनलाइन चिठ्ठी दिली आणि उपकेंद्रातून गोळ्या मिळाल्या. म्हणजे एकच औषध दोन चिठ्ठ्यांवर, दिवसाला ६ मिलिग्रॅम, सत्तरीच्या माणसाला, आणि त्यात उपास.

"ही लहान गोळी शुगरची," ते मला समजावून सांगत होते, "आन् थे मोठी ताकतीची. पोरानं पाठवली म्हणजे ताकतीचीच असन."

साखर-पाण्यानं बरं वाटलं म्हणून मी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो, आणि तिचा अंमल दिवसभर टिकतो. म्हाताऱ्या माणसाची किडनी मंद असली तर त्याहून जास्त. एकदा वर आलेली शुगर पुन्हा खाली जाते. भावाला मोटारसायकल काढायला लावली, त्यांना मधे बसवून मागे पुतण्याला बसवलं आणि ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. दोन्ही पाकिटं सोबत दिली आणि कागदावर वेळ व दोन्ही आकडे लिहून दिले. रात्री आठला शुगर पुन्हा ५६ वर गेली होती, तेव्हा सलाईनमधून ग्लुकोज द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं.

त्यानंतर मी एकेकाला विचारत गेले. उपकेंद्रातल्या सीएचओ पोरीकडे तीन गावं आहेत आणि दिवसाचा अर्धा वेळ माहिती भरण्यात जातो. तरी तिनं विचारलं होतं, दुसरी शुगरची गोळी चालू आहे का. बाबाजी नाही म्हणाले, आणि ते खोटं बोलले नव्हते. ॲपवरच्या डॉक्टरांनीही विचारलं असणार, कारण पीडीएफमध्ये तशी ओळ आहे. 'इतर चालू औषधे : नाही'. उत्तर पोरानं दिलं होतं. बाबाजी वावरात होते, रेंज नव्हती, म्हणून शेवटचे दोन कॉल पोरानंच उरकले. त्याला उपकेंद्राचं ठाऊकच नव्हतं. रात्रपाळी करून वडिलांची औषधं चुकू न देणारा पोरगा आहे तो, मी त्याला बोल लावणार नाही.

विचारलं नाही ते मी. दर महिन्याला त्या माणसाला प्रत्यक्ष बघणारी, त्याच्या हातात गोळी ठेवणारी यांच्यात मी एकटीच होते. दसऱ्यानंतरही मी ते पाकीट दिलं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. माझ्या आठवणीत मात्र एक वेगळीच गोष्ट रुतून बसली आहे. डॉक्टरांचं अक्षर लागायचं नाही, तेव्हा मला माणसाला विचारावंच लागायचं. बाबाजी, ही कशाची गोळी? आधी कोणती होती? घरी काय काय आहे? त्यातून भलभलत्या गोष्टी बाहेर यायच्या. आता चिठ्ठी स्वच्छ छापून येते, औषध ठळक अक्षरात, डोस चौकटीत. विचारण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटतं आणि मी मान वर न करता खणातून पाकीट काढते. त्या चार महिन्यांत मी तेच केलं.

आता जुन्या आजाराच्या प्रत्येक माणसाला मी सांगते, येताना घरातली थैली घेऊन या, सगळी. बायका आणतात. पुरुष कंटाळतात, काही जण दुसऱ्या मेडिकलमध्ये गेले. एका आजीच्या थैलीत परवा तीन वेगवेगळ्या नावांची एकच दुखण्याची गोळी निघाली.

बाबाजींचं औषध बदललं आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड थांबवून नुसती मेटफॉर्मिन ठेवली. पोराला मी फोनवर सगळं सांगितलं, तो रडला. पण पुढच्या महिन्याच्या चार तारखेला त्याच्याकडून पीडीएफ आली. ॲपवर जुनी चिठ्ठी आपोआप पुढे चालू झाली होती. तीच एकत्र गोळी, सकाळ-संध्याकाळ, आणि खाली तीच ओळ, 'इतर चालू औषधे : नाही'. मी चिठ्ठीवरच्या क्रमांकावर फोन लावला. तो डॉक्टरांचा नव्हता, कंपनीचा होता. बाई म्हणाली, तक्रार नोंदवून घेते.

बाबाजी तेव्हा बाकावर बसलेले होते, मांडीवर थैली घेऊन.